वाचकांचे प्रश्न : खिडकीत उभं राहून ओढली तर चालते का?

गेल्या अंकात पॅसिव्ह स्मोकिंगबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या, म्हणजे दुसऱ्याने ओढलेल्या सिगरेटचा धूर आपल्या छातीत जाणं. त्यावर इतके प्रश्न आले की या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवलेत. पत्रं थोडी छोटी केलीयत, नावं काढलीयत. माझ्यापुरतं सांगायचं तर हा विषय मला जवळचा आहे, का ते खाली येईलच.

ताई, माझं बाळ आठ महिन्यांचं आहे. मिस्टर घरात सिगरेट ओढतात पण बाळासमोर कधीच नाही, खिडकीत उभं राहून, पंखा फुल करून, बाहेर तोंड करून ओढतात. बाळाला दोन महिन्यांत दोनदा कान दुखून ताप आला. सासूबाई म्हणतात आमच्या वेळेला सगळेच ओढायचे, कुणाला काय झालं? मी उगाच टेन्शन घेतेय का?

उगाच नाही घेत. तुमचं बरोबर आहे.

आधी खिडकीचं बघू, कारण हे खूप घरांत चालतं आणि ओढणाऱ्याला मनापासून वाटत असतं की आपण काळजी घेतोय. सिगरेटचा धूर दोन वाटांनी येतो. एक म्हणजे ओढणारा झुरका मारून तोंडातून सोडतो तो, तो खिडकीबाहेर जाईलही. दुसरा म्हणजे दोन झुरक्यांच्या मध्ये सिगरेट नुसती हातात जळत असते ना, त्या टोकातून निघणारा. खोलीत साठतो त्यातला बहुतेक धूर हा दुसरा असतो, आणि तो जास्त वाईट, कारण झुरका नसताना टोक कमी तापमानावर धुमसतं, नीट जळत नाही, त्यामुळे अमोनिया, कार्बन मोनॉक्साइड आणि कॅन्सर करणारी काही द्रव्यं त्यात उलट जास्त निघतात, शिवाय मधे फिल्टरही नाही. आता हात खिडकीत आहे, पण वारा काही आपल्याला विचारून वाहत नाही, तो आत आला की सगळं आतच येतं, आणि पंखा धूर बाहेर टाकत नाही, तो फक्त घरभर पसरवतो. दिसायचा बंद झाला की आपल्याला वाटतं गेला. पण सिगरेटचा बहुतांश धूर डोळ्याला दिसतच नाही, बारीक कण हवेत तासन्‌तास राहतात आणि मग पडद्यांवर, गादीवर, कपड्यांवर बसतात. तुमचं बाळ आठ महिन्यांचं, म्हणजे रांगणारं, हाताला लागेल ते तोंडात घालणारं.

आता कान. लहान बाळाची नाकाच्या मागून कानाकडे जाणारी नळी आखूड आणि अरुंद असते, धुराने तिथे सूज येते, आत पाणी साचतं आणि त्यात इन्फेक्शन होतं. तुमच्या बाळाचा कान धुरामुळेच दुखला असं मी इथे बसून सांगू शकत नाही, सर्दीनेही होतं. पण घरातल्या धुराने मुलांमध्ये कानाचे त्रास, ब्राँकायटिस, न्यूमोनिया आणि दम्याचे अटॅक वाढतात हे पक्कं माहीत आहे, आणि झोपेत अचानक बाळ दगावण्याचा धोकाही वाढतो. त्यामुळे डॉक्टरांना पुढच्या वेळी आठवणीने सांगा की घरात सिगरेट ओढली जाते. खूप आया हे सांगायचं टाळतात, घरातलं बाहेर कशाला म्हणून. सांगा.

सासूबाईंना दोष देऊ नका. त्यांच्या वेळेला जे झालं ते धुरामुळे झालं असं कुणी जोडलंच नव्हतं. १९८१ साली जपानमध्ये ताकेशी हिरायामा या संशोधकाने ९१,५४० बायकांचा अभ्यास छापला. या सगळ्या स्वतः कधी सिगरेट न ओढणाऱ्या, चौदा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलेलं, आणि दिसलं असं की ज्यांचे नवरे खूप ओढायचे त्यांच्यात फुप्फुसाच्या कॅन्सरने मरणाऱ्या जास्त. तंबाखू कंपन्यांनी त्यावर खूप गदारोळ केला, पण पुढे देशोदेशीच्या अभ्यासांत तेच निघालं. आज हिशोब असा की घरात किंवा कामावर कायम दुसऱ्याचा धूर घेणाऱ्याला हार्टच्या आजाराचा धोका २५ ते ३० टक्क्यांनी आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचा २० ते ३० टक्क्यांनी वाढतो.

मिस्टरांशी बोलताना "सोडा" इथून सुरुवात करू नका, तिथे भांडण होतं आणि बाळाचा विषय बाजूला राहतो. फक्त एवढंच मागा की घरात नाही आणि गाडीत नाही, कुणीच नाही, पाहुणेसुद्धा नाही. ओढायचीच असेल तर पूर्ण घराबाहेर, दार लावून, आणि आल्यावर हात धुवून शर्ट बदलून बाळाला घ्यायचं. बाळासाठी ते खिडकीपर्यंत गेलेच आहेत, म्हणजे मनात आहे त्यांच्या, अजून दहा पावलं जातील.

आमच्या ऑफिसात काचेची स्मोकिंग रूम आहे. एक्झॉस्ट आहे, एअर प्युरिफायर आहे, तरी माझ्या टेबलापर्यंत वास येतो. मॅनेजरला सांगितलं तर म्हणाले वास म्हणजे धूर नव्हे, त्रास होत असेल तर जागा बदलून देतो. जागा बदलली तर प्रश्न सुटेल का?

तुमचा सुटेल कदाचित, तुमच्या जागी येऊन बसेल त्याचा सुटणार नाही.

वास येतोय म्हणजे धुरातले वायू आणि कण तुमच्यापर्यंत येतायत. दार उघडलं की आतली हवा बाहेर येते, माणूस बाहेर येतो तोही कपड्यांबरोबर आणि श्वासाबरोबर धूर घेऊनच येतो, आणि एसी एकच असेल तर तीच हवा सगळीकडे फिरते. प्युरिफायर मोठे कण पकडतो, पण सगळ्यात बारीक कण आणि वायू पूर्ण काढू शकत नाही. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्याच्या, २००६ च्या रिपोर्टमध्ये हे स्वच्छ लिहिलंय की ओढणाऱ्यांना वेगळं बसवणं, हवा शुद्ध करणं किंवा व्हेंटिलेशन वाढवणं यातल्या कशानेही न ओढणाऱ्याचा धोका संपत नाही, आणि इतका धूर चालतो अशी कुठलीही सुरक्षित पातळी नाही. जुन्या विमानांत मागच्या रांगा स्मोकिंगच्या असायच्या. पडदासुद्धा नसायचा कधीकधी, आणि एअर होस्टेसना सगळ्याच रांगांत काम करावं लागायचं, त्यांना कुठला सेक्शन? त्या बायका वर्षानुवर्षं लढल्या, तेव्हा अमेरिकेत १९८८ ला दोन तासांच्या आतल्या फ्लाइटमध्ये बंदी आली आणि १९९० ला जवळजवळ सगळ्या देशांतर्गत फ्लाइटमध्ये. आज विमानात कुणी सिगरेट पेटवेल ही कल्पनाही करवत नाही आणि कुणाला त्याचं काही वाटतही नाही.

मला या सगळ्यात कायम कामावरच्या माणसाचाच विचार येतो, कारण माझी आई टायपिस्ट होती. एका खोलीत सहा टेबलं, त्यातली चार ओढणारी, खिडक्या बंद कारण कागद उडतात. संध्याकाळी ती घरी आली की तिच्या साडीला एक वास असायचा आणि आम्हा भावंडांना वाटायचं हा ऑफिसचा वास आहे, म्हणजे ऑफिस असंच असतं, आईला तसाच वास येतो. तिने आयुष्यात सिगरेट हातात धरली नाही. तिचा खोकला कधी पूर्ण गेला नाही. तो त्या खोलीमुळेच होता असं कुणी कागदावर लिहून दिलेलं नाही आणि मीही तसा दावा करत नाही, पण तिला कधी कुणी विचारलं नाही की तुला चालतं का, आणि ती "चालत नाही" म्हणाली असती तर तिच्यापुढे नोकरी सोडणं एवढाच रस्ता होता.

कॅनडात ओटावाला हेदर क्रो नावाची वेट्रेस होती, चाळीस वर्षं तिने हॉटेलांत काम केलं, स्वतः कधी ओढली नाही, आणि २००२ साली तिला फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. तिने उरलेली वर्षं देशभर फिरून एकच गोष्ट मागितली, की मी शेवटची असू दे, कामाच्या जागी धूर नको. २००६ मध्ये ती गेली, तोपर्यंत तिथल्या बऱ्याच प्रांतांनी कायदे केले होते. त्यामुळे मॅनेजर जेव्हा म्हणतात ना की जागा बदलून देतो, तेव्हा मला वाटतं त्यांना प्रश्नच कळलेला नाही. गिऱ्हाईक उठून जाऊ शकतं. कामावरचा माणूस जाऊ शकत नाही, वॉर्डमधला पेशंट जाऊ शकत नाही, बाळ जाऊ शकत नाही. बंदी आहे ती यांच्यासाठी.

आणि बंदीने फरक पडतो, लवकर पडतो. आयर्लंडने २९ मार्च २००४ ला पबसकट सगळ्या बंदिस्त कामाच्या जागी सिगरेट बंद केली, अख्ख्या देशाने असं करणारा तो पहिला देश. पब म्हणजे तिथल्या लोकांचं दुसरं घर, सगळे म्हणत होते कुणी पाळणार नाही, पण लोक मुकाट्याने बाहेर जाऊन ओढायला लागले. स्कॉटलंडने मार्च २००६ मध्ये केली, तिथे नऊ हॉस्पिटलांत हार्ट अटॅक आणि त्याच प्रकारच्या त्रासाने ॲडमिट होणाऱ्यांची संख्या आधीच्या वर्षापेक्षा १७ टक्क्यांनी उतरली, तेव्हा शेजारच्या इंग्लंडमध्ये अजून बंदी नव्हती, तिथे ४ टक्केच उतरली. आणि कमी झालेल्या केसेसपैकी दोन तृतीयांश न ओढणारे होते! त्याच स्कॉटलंडमध्ये दम्याने ॲडमिट होणारी मुलं आधी वर्षाला ५ टक्क्यांनी वाढत होती, बंदीनंतर वर्षाला १८ टक्क्यांनी कमी व्हायला लागली, आणि मुलं काही पबमध्ये जात नाहीत. म्हणजे बाहेर बंद झालं म्हणून लोक घरात जास्त ओढतील ही जी भीती होती ती खरी ठरली नाही. बाहेरची सवय घरातही आली.

हार्टवर इतक्या लवकर कसा परिणाम होतो असं काहींना वाटेल. धुराने रक्तातल्या प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी, चिकट होतात आणि रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं, याला वर्षं लागत नाहीत, काही मिनिटांतच सुरू होतं. ज्याचं हार्ट आधीच नाजूक आहे त्याला तेवढं पुरतं.

आता तुम्ही काय करायचं. एकटे जाऊ नका, ज्यांना त्रास होतो असे चारपाच जण मिळून लेखी द्या. "मला वास येतो" असं लिहिलं की ते तुमच्या आवडीनिवडीचं होतं, त्यापेक्षा "कामाच्या जागेतली हवा सुरक्षित नाही" असं लिहा, कारण तसंच आहे ते. मागणीही स्पष्ट करा, रूम बंद करून ओढण्याची जागा इमारतीच्या बाहेर, दार खिडक्या आणि एसीच्या हवा घेण्याच्या जागेपासून लांब. तुमच्याकडचा कायदा काय सांगतो तेही बघून त्याचा उल्लेख करा. तंबाखूवरचा जो जागतिक करार आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेला, २००५ पासून लागू, त्याचं आठवं कलम नेमकं हेच सांगतं की बंदिस्त कामाच्या जागा, सार्वजनिक जागा आणि सार्वजनिक वाहनं यांत लोकांना धुरापासून संरक्षण द्या, आणि १८० हून जास्त देशांनी तो मान्य केलाय.

मी पंचवीस वर्षं ओढतोय. तुमचे लेख वाचून वाटतं आम्ही गुन्हेगार आहोत. सिगरेट दुकानात राजरोस विकली जाते, सरकार टॅक्स घेतं, आणि ओढायला जागा नाही. आमच्या हक्काचं काय?

दादा, तसं वाटलं असेल तर माझ्या लिहिण्यात कमी पडलं. तुम्ही गुन्हेगार नाही. निकोटीनची तलफ काय असते ते मी माझ्या भावाच्या बाबतीत जवळून पाहिलंय, रात्री दोनला पाकीट संपलं म्हणून बाहेर पडणारा माणूस हौस म्हणून पडत नसतो. तुमच्या पत्रातला विकण्याबद्दलचा मुद्दाही मला पटतो, विकणाऱ्यांवर जितकं बोट जायला हवं तितकं जात नाही.

पण बंदी तुमच्या ओढण्यावर नाहीये, ती जागेवर आहे. तुम्ही मोकळ्यावर, लोकांपासून लांब ओढलीत तर तुमच्याशी कुणाचं भांडण नाही. बंद खोलीत मात्र तुम्ही एक ओढता आणि ती सगळे मिळून ओढतात, त्यातल्या कुणी पेटवलेली नसते. शरीरात निकोटीन गेलं की त्याचं कोटिनिन बनतं, ते लघवीत, थुंकीत मोजता येतं, आणि ओढणाऱ्यांच्या घरातल्या लहान मुलांमध्ये ते सापडतं. तुमच्या घरात कुणी लहान असेल तर एवढा एक विचार करून बघा.

अजून एक सांगते, पटलं तर घ्या. जिथे ओढता येत नाही अशा जागा वाढल्या की खूप जणांच्या सिगरेटींची संख्या आपोआप कमी होते आणि सोडू पाहणाऱ्याला मदत होते. पंचवीस वर्षांत तुम्ही एकदा तरी सोडायचा प्रयत्न केला असेलच, बहुतेक सगळेच करतात. परत करावासा वाटला तर नुसत्या इच्छाशक्तीवर जाऊ नका, निकोटीनचे पॅच आणि च्युइंगम मिळतात, गोळ्या आहेत, डॉक्टरांशी बोलून घ्या, त्याने यश येण्याची शक्यता वाढते.

माझं छोटं रेस्टॉरंट आहे. बंदी कडक पाळली तर गिऱ्हाईक तुटेल अशी भीती वाटते. खरंच तुटतं का?

ही भीती प्रत्येक शहरात, प्रत्येक देशात बंदीच्या आधी बोलली गेली. न्यूयॉर्कने मार्च २००३ मध्ये बार आणि रेस्टॉरंटमध्ये बंदी आणली, पुढच्या वर्षभरात तिथल्या बार-रेस्टॉरंटचा कर साडेआठ टक्क्यांच्या वरच वाढला. सगळी वाढ बंदीमुळे असं नाही म्हणणार मी, पण धंदा बुडाला नाही हे नक्की. लहान मुलं घेऊन येणारी कुटुंबं, दम्याचे लोक, गरोदर बायका, जे आधी दारातूनच परत जायचे ते यायला लागतात.

तुमच्या वेटर मुलांचाही विचार करा. कॅलिफोर्नियात १९९८ च्या सुरुवातीला बारमध्ये बंदी आली तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोतल्या ५३ बारटेंडरना आधी आणि नंतर तपासलं होतं. आधी ३९ जणांना खोकला, धाप, छातीत घरघर असं काहीतरी होतं, बंदीनंतर त्यातल्या २३ जणांचं ते गेलं. दोनेक महिन्यांत. औषध काही नाही, फक्त हवा बदलली.

व्हेपचा, म्हणजे ई-सिगरेटचा धूर चालतो का? माझा मित्र म्हणतो ती फक्त वाफ आहे.

पाण्याची वाफ नाही ती. निकोटीन आणि अतिबारीक कण असतात त्यात. सिगरेटपेक्षा घातक द्रव्यं कमी असतात हे खरं आहे, पण कमी म्हणजे स्वच्छ नव्हे. बंद खोलीत किंवा गाडीत नको, मुलं असतील तर अजिबात नको.

खालच्या मजल्यावरचे काका जिन्यात ओढतात, धूर थेट आमच्या दारातून आत येतो. मला सातवा महिना आहे. ते वयाने मोठे आहेत, बोलायला संकोच वाटतो.

संकोच बाजूला ठेवा, या वेळी तरी. गरोदरपणात दुसऱ्याच्या धुराने बाळाचं वजन कमी भरू शकतं. काकांना बहुतेक माहीतही नसेल की धूर वर तुमच्या दारापर्यंत येतो, कारण जिना धुराड्यासारखं काम करतो, ते खाली उभे असतात आणि त्यांच्याजवळ तो राहतच नाही. तुम्ही किंवा घरातल्या मोठ्यांनी जाऊन शांतपणे सांगा, "काका, मला दिवस गेलेत, डॉक्टरांनी धुरापासून लांब राहायला सांगितलंय, तुम्ही खाली मोकळ्यावर ओढाल का?" बहुतेक माणसं एवढ्यावर ऐकतात. नाही ऐकलं तर सोसायटीला लेखी द्या आणि जिना ही सगळ्यांची जागा आहे हे त्यात लिहा. तोपर्यंत दाराच्या खालच्या फटीला कापडाची गुंडाळी लावा, त्याने पूर्ण थांबणार नाही पण कमी येईल.

ताई, मी आठवीत आहे. माझे आजोबा मला रोज शाळेत गाडीने सोडतात आणि गाडीत सिगरेट ओढतात. मला दमा आहे. काच खाली करतात ते. आजोबा माझे सगळ्यात लाडके आहेत, त्यांना वाईट वाटलं तर? मी काय सांगू?

बाळा, तुझं पत्र मी तीनदा वाचलं.

गाडी फार छोटी जागा असते, काच उघडी असली तरी आत धूर घरातल्या खोलीपेक्षा खूप जास्त होतो. म्हणूनच इंग्लंडमध्ये २०१५ पासून अठरा वर्षांखालचं कुणी गाडीत असेल तर ओढायला कायद्यानेच बंदी आहे. म्हणजे तू काही जगावेगळं मागत नाहीयेस.

आजोबांना वाईट वाटेल थोडं. पण तुला दम लागतो त्यामागे आपली सिगरेट असू शकते हे त्यांना तू न सांगता नंतर कळलं, तर किती वाईट वाटेल ते बघ. सकाळी घाईत, गाडीत बसल्यावर नको सांगूस. संध्याकाळी ते निवांत बसले असतील तेव्हा जवळ जाऊन बस आणि एवढंच म्हण, "आजोबा, मला तुमच्याबरोबरच शाळेत जायचंय, पण गाडीत धूर झाला की माझी छाती भरते. मला सोडून झाल्यावर, बाहेर उतरून ओढाल?" तोंडाने बोलायला जमत नसेल तर चिठ्ठी लिही. आईबाबांनाही हे पत्र दाखव आणि तुझ्या डॉक्टरांना पुढच्या वेळी गाडीतल्या धुराबद्दल सांग, ते आजोबांशी स्वतः बोलतील. आणि तुझा पंप दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात ठेव, तळाशी नको. आजोबा काय म्हणाले ते मला कळव.